दगडफूल : निवडणं, धुणं, भाजणं आणि औषधात वापरणं

कोरडं दगडफूल नाकाशी नेलं तर फारसं काही कळत नाही. जुन्या लाकडी पेटीसारखा, मातीकडे झुकणारा मंद वास येतो, एवढंच. तोच तुकडा तापलेल्या तेलात पडला की दहा-पंधरा सेकंदांत धुरकट, गडद वास घरभर पसरतो. गोडा मसाल्याचा जो वास आपण डोळे मिटून ओळखतो त्यात दगडफुलाचा वाटा मोठा आहे. तरीही मसाल्याच्या यादीत सगळ्यात कमी लक्ष याच्याकडेच जातं. निवडलं अर्धवट, धुतलं नाही, भाजताना करपवलं, आणि मग मसाला कडू का झाला याचा दोष लवंगेला किंवा दालचिनीला.

दगडफूल तेल आणि उष्णतेशिवाय बोलत नाही, आणि त्याआधी ते स्वच्छ असावं लागतं. या लेखातल्या बहुतेक सूचना याच दोन गोष्टींभोवती आहेत.

हे नेमकं काय आहे

नावात दगड आहे आणि फूलही आहे, पण हे फूल नव्हे, आणि बाजारात येणारं बरंचसं दगडावर वाढलेलंही नसतं. ते झाडाच्या सालीवरून काढलेलं असतं. हिमालयात मुख्यतः ओकच्या झाडांवरून. हे लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बाहेरचा आकार बुरशीचा, आत लपलेलं हिरवं शैवाल उन्हापासून अन्न तयार करतं. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये ही जोडी मांडली तेव्हा त्या काळच्या बऱ्याच अभ्यासकांना ते पटलं नव्हतं.

मसाल्यातल्या दगडफुलाचं शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लाटम. जुन्या पुस्तकांत पार्मेलिया पर्लाटा असं सापडतं. संस्कृतात शैलेय आणि शिलापुष्प, हिंदीत छडीला किंवा पत्थरफूल, तमिळमध्ये कल्पासी, कन्नडमध्ये कल्लुहूवु, युनानी औषधांत उश्ना.

लायकेनला मुळं नसतात. पाऊस, धुकं, हवेतली धूळ यांतून जे मिळेल त्यावर ते जगतं. म्हणून ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, आणि हवेत जे असेल ते अंगात साठवून ठेवतं, शिसं आणि इतर जड धातूंसकट. शिवाय किड्यांपासून आणि कडक उन्हापासून बचावासाठी ते स्वतःची आम्लं तयार करतं. कडवटपणा त्या आम्लांचा, औषधी गुणांचं श्रेयही बरंचसं त्यांनाच दिलं जातं, आणि काही जातींतलं विषही त्यांचंच. पुढे धुण्याचा, भिजवण्याचा किंवा मात्रेचा मुद्दा येईल तेव्हा कारण फिरून इथेच सापडेल.

विकत घेताना

चांगल्या दगडफुलाचा तुकडा हातात घेऊन नीट बघा. वरची बाजू राखाडी, किंचित हिरवट झाक असलेली. खालची बाजू मध्यभागी कोळशासारखी काळी आणि कडेकडेने तपकिरी. कडा लाटेसारख्या वळलेल्या, गोलसर पाकळ्यांच्या. भिंग असेल तर कडेला बारीक काळे केस दिसतात. जाडी कागदाइतकी. मुठीत दाबलं की कुरकुर वाजून तुटायला हवं. वाजत नसेल, चामड्यासारखं वाकत असेल, तर त्यात ओल आहे. ओल म्हणजे वजनात भर आणि डब्यात बुरशी.

एक तुकडा पाण्यात टाकून बघण्याची परीक्षा सोपी आहे. पाणी लागताच वरची साल पारदर्शक होते आणि खालचं शैवाल डोकावतं, त्यामुळे चांगला माल काही क्षणांत मऊ पडतो आणि हिरवट दिसू लागतो. फार जुना किंवा ओल लागून खराब झालेला माल भिजूनही तपकिरीच राहतो.

बाजारात एकाच जातीचं दगडफूल क्वचितच मिळतं. पार्मोट्रेमाच्याच दोन-तीन जाती, शिवाय एव्हर्नियास्ट्रम, रामालिना, अस्निया असं बरंच काही एकत्र असतं. यातलं पाकळ्यांचं, राखाडी-काळं तेवढं आपल्या कामाचं. दोऱ्यासारखं, दाढीच्या जटांसारखं पिवळट-हिरवं दिसतं ते अस्निया, ते काढून टाकावं. त्यातल्या अस्निक आम्लाबद्दल पुढे लिहिलं आहे. उजळ पिवळं काहीही दिसलं तर तेही बाजूला काढा.

निवडण्यात साली, काड्या, सुया, शेवाळ आणि खडे असं बरंच निघून जातं. पाकृतीत २५ ग्राम लिहिलं असेल तर ३५ ग्राम आणावं आणि निवडून, वाळवून झाल्यावर मोजावं. आधी मोजून मग निवडलं की मसाल्यात दगडफूल कमी पडतं, हे हमखास घडतं. दळलेलं दगडफूल घेऊ नये. पूड झाल्यावर त्यात काय आहे हे ओळखायचा मार्ग उरत नाही.

निवडणं आणि धुणं

धुवावं की नुसतं झटकून घ्यावं यावर घराघरांत मतभेद आहेत. धुतल्याने वास जातो अशी समजूत आहे. आमचं मत स्पष्ट आहे: धुवावं. दगडफुलाला वास देणारी द्रव्यं पाण्यात फारच कमी उतरतात. दोन मिनिटांच्या धुण्याने वास जात नाही, माती आणि वरची धूळ मात्र जाते. दातांखाली येणारी कचकच ही नेहमी न धुतलेल्या दगडफुलाची असते.

आधी मोठ्या परातीत पसरून घ्या. प्रत्येक तुकडा उलटा करून बघा, कारण साल खालच्या काळ्या बाजूला चिकटलेली असते. नखाने खरवडली की निघते. फारच घट्ट असेल तर तेवढा कोपरा तोडून टाका. मोठे तुकडे हातानेच दोन-तीन सेंटिमीटरचे करा. मग चाळणीत घालून कोरडंच हलवा. बरीच वाळू इथेच खाली पडते.

आता पसरट भांड्यात भरपूर पाणी घ्या, २५ ग्रामला किमान दोन लिटर. त्यात दगडफूल टाका, हाताने दहा-बारा वेळा हलकेच ढवळा, आणि तरंगणारं दगडफूल वरूनच हाताने उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. भांडं चाळणीत ओतू नका; तळाला बसलेली माती परत सगळ्यावर पसरते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असं तीनदा करा. प्रत्येक पाण्यात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. मसाल्यासाठी भिजत घालायचं काम नाही. जितकं जास्त पाणी आत शिरेल तितकं वाळायला उशीर, आणि उशीर झाला की कुबट वास.

हलक्या हाताने पिळून सुती कापडावर एकेक तुकडा सुटा पसरा. कडक उन्हात एक दिवस पुरतो, ढगाळ हवेत दोन. वर दुसरं पातळ कापड टाकायला विसरू नका, हे इतकं हलकं असतं की वाऱ्याच्या एका झुळकीत उडून जातं. वाळल्याची खूण म्हणजे पुन्हा तोच कुरकुर आवाज. मध्यभागचा जाड काळा भाग शेवटी वाळतो, तिथलाच एक तुकडा मोडून बघावा. पावसाळ्यात धुणं टाळा. मसाला उन्हाळ्यात करायची आपली रीत या दृष्टीनेही शहाणपणाची आहे.

भाजणं

दगडफूल कागदासारखं पातळ असल्याने त्याची कड आणि मध्य एकाच वेळी भाजले जात नाहीत. कोरड्या कढईत कड काळी पडते तेव्हा मध्य अजून चिवट असतो. तेलामुळे उष्णता सगळीकडे सारखी पोचते. म्हणून २५ ग्रामला एक ते दीड चहाचा चमचा तेल लागतंच.

जाड बुडाची कढई मंद आचेवर तापवा. तेल टाकून फिरवा. दगडफूल टाका आणि हात थांबवू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते थोडं आक्रसतं, मग वास सुटतो, मग राखाडी रंगावर तपकिरी झाक येते. साधारण दीड मिनिटात चमचा लागला की खुळखुळ आवाज येऊ लागतो. तिथेच आच बंद करा आणि लगेच ताटात काढा. कढईत ठेवलं तर कढईच्या धगीवरच करपतं. करपलेलं दगडफूल पूर्ण काळं दिसतं आणि तोंडात राखेसारखं कडू लागतं. ते वाचवता येत नाही, टाकून द्यावं. थोडंसं करपलेलं 'चालेल' म्हणून घातलं तर सगळा मसाला कडवट होतो.

कमी भाजलं तर उलटा त्रास. दळताना ते चामड्यासारखं पात्यांभोवती फिरत राहतं आणि मसाल्यात काळे चट्टे उरतात. असं झालं तर मसाला चाळून वर उरलेले चट्टे पुन्हा अर्धा मिनिट गरम करा आणि मूठभर धन्यांबरोबर दळा. एकट्या दगडफुलाची पूड मिक्सरमध्ये नीट होत नाही. ते इतकं हलकं असतं की पात्यांवरून उडत राहतं. धन्यांबरोबर किंवा खड्या मिठाबरोबर टाकलं की बारीक होतं.

गोडा मसाल्यातलं प्रमाण

प्रत्येक घराचा गोडा मसाला वेगळा, पण दगडफुलाचं धन्यांशी असलेलं नातं बरंचसं ठरलेलं आहे : धन्यांच्या विसाव्या भागाइतकं. अर्धा किलो धन्यांना २५ ग्राम. एक नीट बसलेलं प्रमाण असं : धने ५०० ग्राम, सुकं खोबरं २००, तीळ १००, जिरे ५०, दगडफूल २५, शहाजिरे २०, दालचिनी १५, तमालपत्र १५, आणि लवंग, मिरी, नागकेशर, बाद्यान, मसाला वेलची, हिंग प्रत्येकी १० ग्राम. सगळं मिळून किलोला थोडंसं कमी भरतं.

भाजण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. तीळ आणि खोबरं कोरडंच, वेगवेगळं भाजावं. मग त्याच कढईत थोड्या थोड्या तेलावर लवंग, दालचिनी, मिरी असे टणक जिन्नस, नंतर तमालपत्र, मग दगडफूल, आणि शेवटी धने. दगडफूल दालचिनीच्या सोबत एकाच घाण्यात टाकणं ही नेहमीची चूक. दालचिनीला लागणारा वेळ दगडफुलाला जाळतो. सगळं पूर्ण थंड झाल्यावर आधी कोरडे जिन्नस दळा आणि तेलकट खोबरं-तीळ शेवटी मिसळा.

दगडफूल वाढवून मसाला जास्त खमंग होईल असं वाटत असेल तर थांबा. अर्ध्या किलो धन्यांना ४० ग्रामच्या पुढे गेलं की खमंगपणा संपतो आणि मातकट, जिभेवर रेंगाळणारा कडूपणा सुरू होतो. कमी घातलं तर मसाला वाईट होत नाही, फक्त तो नुसता धने-खोबऱ्याचा वाटतो. चुकायचंच असेल तर कमीकडे चुकावं.

आखं दगडफूल

मसाला न दळताही ते वापरता येतं. चार माणसांच्या मसालेभाताला किंवा मटकीच्या उसळीला चार-पाच सेंटिमीटरचा एक तुकडा पुरतो. तेल तापलं की मोहरीच्या आधी नाही, मोहरी तडतडल्यावर आच कमी करून टाका. तुकडा एकदा वळला आणि कडा तपकिरी झाल्या की लगेच कांदा किंवा पाणी घाला, म्हणजे पुढचं भाजणं थांबतं. किलोभर मटणाला २ ते ३ ग्राम. चेट्टिनाडच्या स्वयंपाकात कल्पासी अशीच तेलात पडते; अवधी आणि हैदराबादी पदार्थांत ती बाकी मसाल्यांबरोबर मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रश्श्यात सोडतात. पुरचुंडी करायची असेल तर दगडफूल आधी तुपात परतून घ्या. कच्चंच बांधून पाण्यात उकळलं तर वास फारसा उतरत नाही, कारण वासाची द्रव्यं तुपा-तेलात उतरतात तशी पाण्यात उतरत नाहीत.

आमटी-वरणात शिजलेला आखा तुकडा खाल्ला तरी काही बिघडत नाही, पण तो चिवट लागतो. वाढताना काढून टाकावा.

औषधात शैलेय

आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांमध्ये, शैलेय सुगंधी द्रव्यांच्या वर्गात येतं. चव कडू आणि तुरट, गुण थंड आणि हलका, कफ-पित्त कमी करणारं, हृद्य म्हणजे हृदयाला हितकर. कंड, त्वचेचे विकार, दाह आणि मुतखडा या तक्रारींत त्याचा उल्लेख आहे. अंगाला लावायच्या काही औषधी तेलांच्या पाठात ते इतर सुगंधी द्रव्यांबरोबर पडतं. युनानी परंपरेत उश्ना सूज उतरवण्यासाठी आणि पोटाच्या तक्रारींसाठी देतात. लोकव्यवहारात त्याचा गरम लेप कमरेवर, मूत्रपिंडाच्या जागी लावून लघवी साफ होण्यासाठी उपयोग झाला आहे, आणि डोकेदुखीला चूर्ण ओढण्याचीही जुनी चाल आहे. ही चाल मात्र पुढे चालवू नये. बारीक पूड श्वासनलिकेत जाते आणि लायकेनच्या धुळीची ॲलर्जी असणारी माणसं कमी नाहीत.

परंपरेत सांगितलेले उपयोग आणि रुग्णांवर नीट तपासून सिद्ध झालेले उपयोग यांत फरक ठेवायला हवा. प्रयोगशाळेत दगडफुलाच्या अर्कांनी काही जीवाणूंची वाढ रोखल्याचं दिसलं आहे. काचेच्या थाळीत जे होतं ते माणसाच्या पोटात होतंच असं नाही. मुतखड्यासाठी स्वतःच्या मनाने दगडफूल घेऊन महिनाभर थांबणं धोक्याचं आहे. तेवढ्या काळात अडकलेला खडा मूत्रपिंडाचं नुकसान करू शकतो.

मात्रेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. चूर्ण म्हणून साधारण १ ते ३ ग्राम मात्रा सांगितली जाते. वरच्या प्रमाणाच्या गोड्या मसाल्यात दगडफूल सुमारे अडीच टक्के असतं. म्हणजे १ ग्राम दगडफूल पोटात जायला ४० ग्राम मसाला खावा लागेल. चौघांच्या आमटीत दोन चमचे, समजा ६ ग्राम मसाला पडला, तर माणशी येणारं दगडफूल ४० मिलिग्रामच्या आत असतं. स्वयंपाकातलं दगडफूल आणि औषधातलं दगडफूल या इतक्या वेगळ्या मात्रा आहेत. 'रोज खातोच की' म्हणून चमचाभर चूर्ण घेणं म्हणूनच चूक. पोटात घ्यायचं ते वैद्यांच्या सांगण्यानेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी औषधी मात्रेत घेऊ नये.

लेप मात्र घरी करता येतो. धुऊन कडक वाळवलेलं १० ग्राम दगडफूल, न भाजता, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करा. कुटताना नाकातोंडाला कापड बांधा. कोमट पाणी थेंबाथेंबाने घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवा. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून पूर्ण एक दिवस वाट बघा. लाली, खाज, पुरळ काहीही उठलं तर पुढे जाऊ नका. ही काळजी उगाच सांगत नाही. लायकेनमधल्या ॲट्रानोरिनसारख्या द्रव्यांनी त्वचेला ॲलर्जी येते, लाकूडतोड्यांना त्यामुळे इसब होतो हे माहीत आहे, आणि अत्तरांत वापरल्या जाणाऱ्या ओकमॉस नावाच्या लायकेनमधली दोन द्रव्यं युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांत बंद केली. ठिपका ठीक राहिला तर अर्धा सेंटिमीटर जाडीचा लेप लावा आणि पूर्ण सुकण्याआधी, साधारण २० मिनिटांनी, कोमट पाण्याने काढा. सुकून ताणला गेलेला लेप ओढून काढला तर त्वचा सोलवटते. उघड्या जखमेवर लावू नका.

नावांचा गोंधळ इथे फार होतो. 'शिलापुष्प' या नावाने मुतखड्याच्या काही तयार औषधांत डिडिमोकार्पस नावाची फुलझाडाच्या कुळातली वनस्पती असते. तिचा लायकेनशी काही संबंध नाही. पाषाणभेद हीही वेगळीच वनस्पती. शिलाजित तर खडकातून पाझरणारं द्रव्य. पाकिटावर नुसतं शिलापुष्प असेल तर शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय दगडफूल समजू नका.

इतर देशांत लायकेन कसं खातात

आपण दगडफूल मसाल्यासारखं चिमूटभर वापरतो. जिथे लायकेन पोटभर खाल्लं गेलं तिथे लोकांना कडू आम्लं बाहेर काढण्याच्या पद्धती शोधाव्या लागल्या, आणि त्या एकमेकींपासून इतक्या दूर असूनही सारख्याच विचारावर उभ्या आहेत.

आइसलँडमध्ये सेट्रारिया इस्लांडिका नावाचं लायकेन दुधात शिजवून खातात, पिठात मिसळून भाकरीत घालतात. याच्या निम्म्याहून अधिक वजनाचा भाग लायकेनिनसारख्या चिकट पिष्टमय द्रव्यांचा असतो, म्हणून ते उकळलं की जेलीसारखं दाट होतं. कडूपणा घालवण्यासाठी जुनी रीत राखेच्या पाण्याची. ती आजच्या घरात अशी करता येते : १०० ग्राम कोरड्या लायकेनला दीड लिटर पाणी, त्यात १५ ग्राम खाण्याचा सोडा. रात्रभर ते २४ तास भिजवा, तपकिरी कडू पाणी फेका, मग साध्या पाण्यात चार-पाच वेळा धुवा. साध्या पाण्यात न विरघळणारी आम्लं सोड्याच्या पाण्यात विरघळून निघून जातात. सोडा पूर्ण धुतला गेला नाही तर दुधाला साबणासारखी चव येते.

याच लायकेनचा कोरड्या खोकल्यासाठी, घसा चुरचुरत असेल तर, युरोपात परंपरेने उपयोग होतो. १.५ ग्राम बारीक तुकडे, १५० मिलिलिटर पाणी, आणि इथे दोन रस्ते फुटतात. घशावर मऊ थर हवा असेल तर उकळून दाट काढा करतात; भूक लागण्यासाठी हवं असेल तर कडूपणा राखून नुसतं गरम पाणी ओततात. म्हणजे भुकेसाठी घ्यायचं असेल तर ते सोड्यात भिजवून चालत नाही.

जपानमध्ये इवाताके आणि कोरियात सोगी या नावाने उंबिलिकारिया एस्कुलेंटा खातात. कड्यांवर दोराने उतरून ते काढावं लागतं, म्हणून ते फार मोलाचं समजतात. गरम पाण्यात भिजवून, दोन तळहातांत घासून खालचा काळा थर काढायचा, पाणी काळं येणं थांबेपर्यंत धुवायचं, मध्यभागाचा खडकाला धरणारा कडक देठ कापायचा, आणि मग रश्श्यात किंवा तळून. देठ राहिला तर घासात खडा आल्यासारखं होतं.

उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडचे सेलिश आणि इतर मूळ रहिवासी ब्रायोरिया फ्रेमोंटी हे झाडावरून लोंबणारं काळपट लायकेन खातात. भिजवून, बडवून स्वच्छ करून, जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर ओल्या पानांच्या थरात, कधी रानकांद्यासह, रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ शिजवतात. बाहेर निघते ती काळी, चिकट वडी. त्याच्यासारखं दिसणारं पिवळट झाक असलेलं लायकेन कडू व्हल्पिनिक आम्लाचं असतं, म्हणून गोळा करणारे आधी किंचित चाखून बघत.

नीट तयारी न करता खाल्लं तर काय होतं याचं उदाहरण इतिहासात आहे. जॉन फ्रँकलिन यांची १८१९ ते १८२२ ची कॅनडाच्या उत्तरेतली मोहीम अन्न संपल्यावर खडकावरच्या उंबिलिकारियावर जगत होती. काहींना ते अजिबात सोसलं नाही, जुलाब आणि पोटदुखीने ते अधिकच खंगले. आपल्या पचनसंस्थेला लायकेनमधली पिष्टमय द्रव्यं नीट फोडता येत नाहीत. रेनडिअरला येतात, कारण त्यांच्या पोटात त्यासाठीचे जंतू असतात.

रानातून काढण्याबद्दल

स्वतः गोळा करू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. तळहाताएवढं दगडफूल तयार व्हायला कित्येक वर्षं जातात आणि ते एका ओढीत निघतं. वनक्षेत्रातून काहीही काढण्यावर नियम आहेत, ते वेगळंच. पण जिवाला धोका म्हणाल तर ओळखण्यातला. अस्निक आम्ल असलेल्या वजन घटवणाऱ्या गोळ्यांमुळे यकृत निकामी झाल्याचे प्रकार घडल्यावर २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता. लेथारिया व्हल्पिना हे पिवळं लायकेन तर स्कँडिनेव्हियात लांडगे मारायला वापरलं जात असे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये जमिनीवरचं एक लायकेन खाऊन ३०० हून अधिक एल्क हरणं मेली.

रस्त्याकडेच्या झाडावरचं, कारखान्याजवळचं, रंगवलेल्या भिंतीवरचं लायकेन दिसायला कितीही छान असलं तरी घेऊ नका. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर उत्तर युरोपातल्या लायकेनमध्ये किरणोत्सारी सीझियम साठलं, ते खाऊन रेनडिअरचं मांस दूषित झालं आणि तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांना त्याचा फटका बसला. हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेलं जे साठवतं, ते समोरच्या रस्त्यावरचा धूर सोडणार नाही. जाती ओळखायला खरोखर शिकायचं असेल तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत लायकेनचे नमुने जतन केलेले आहेत.

साठवण

न भाजलेलं, धुऊन वाळवलेलं दगडफूल काचेच्या कोरड्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात वर्षभर चांगलं राहतं. बरणी दाबून भरू नका. दाबलं की चुरा होतो आणि चुरा भाजताना आधी करपतो. भाजलेलं मात्र साठवू नका, त्याला तेल लागलेलं असतं आणि महिन्या-दोन महिन्यांत खवट वास येतो. पावसाळ्याच्या तोंडाशी बरणी एकदा उन्हात उघडी ठेवा आणि एक तुकडा मोडून बघा. आवाज आला नाही तर सगळं बाहेर काढून पुन्हा एक ऊन द्या. पांढरट कापसासारखं काही दिसलं तर ती वेगळी बुरशी आहे, झटकून वापरायची नाही, सगळी बरणी रिकामी करायची. तळाशी उरलेला बारीक चुरा मसाल्याच्या भाजणीत टाकायचा असेल तर धने भाजून होत आले की शेवटच्या वीस सेकंदांत, आच बंद करून टाका.